घरचे वाय-फाय आणि अडलेला लॅपटॉप



डिजिटल सहीचा सातबारा आता 15 रुपये भरून घरबसल्या निघतो. मुलांचे प्रवेश अर्जही घरूनच भरले जातात. मात्र नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप वाय-फाय धरत नाही आणि तो बगलेत मारून भुसावळच्या बाजारात दुकान शोधत फिरावे लागते. तसे निघण्यापूर्वी घरी काय तपासावे, ते या पाठात पाहू.

शेताच्या टोकाला पाणी पोचले नाही म्हणून आपण लगेच मोटार खोलत नाही. विहिरीत पाणी आहे का, व्हॉल्व्ह बंद आहे का, पाइप कुठे फुटला, असे क्रमाने बघतो. इथेही तीच रीत. कंपनीची केबल राउटरपर्यंत येते, तिथून हवेतून लहरी जातात, शेवटी लॅपटॉप. बिघाड या वाटेवरच कुठेतरी असतो.

पहिली परीक्षा मोबाइलची. मोबाइल घरच्या वाय-फायला जोडा, पण त्यातला मोबाइल डेटा आधी बंद करा. पुष्कळ जण इथेच फसतात. चालू असते सिमचे नेट आणि वाटते वाय-फाय ठीक आहे! मोबाइलवरही नेट आले नाही तर लॅपटॉपचा दोष नाही. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल दिसला तर केबल तुटली, दबली किंवा निसटली असे समजा. ते काम कंपनीच्या माणसाचे. लाल नसेल तर रिचार्ज संपला का पाहा आणि राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा.

मोबाइलवर चालते आणि लॅपटॉपवर नाही, तर दुसरी परीक्षा घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला तर लॅपटॉप शाबूत आहे. मग घरच्या वाय-फायच्या नावावर 'फर्गेट' दाबून पासवर्ड नव्याने टाका, लहान-मोठी अक्षरे सांभाळून. ते नावच यादीत दिसत नसेल तर राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल. जुने काही लॅपटॉप फक्त 2.4 ओळखतात. शिवाय 5 ची लहर भिंतीत लवकर मरते. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीतून 2.4 त्यातल्या त्यात बरी. पत्र्याच्या खोलीत दोन्हींचे हाल, तिथे राउटरच जवळ आणावा.

हॉटस्पॉटही धरला नाही तर 'एअरप्लेन मोड' चुकून दाबला गेला आहे का बघा. पोरांच्या हातून हे नेहमी होते. लॅपटॉप बरेच दिवस बंद पडून असेल तर तारीख-वेळही पाहा. ती मागे गेली की वाय-फाय जोडलेले दिसते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नका. राउटरच्या मागे बारीक छिद्रात 'रीसेट'चे बटण असते, त्यात काडी घालून दाबत बसू नका. दहा-पंधरा सेकंद दाबले की कंपनीने भरलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि एका लॅपटॉपपायी घरातल्या सगळ्यांचे नेट बंद पडते. तक्रारीचा नंबर बिलावरचाच घ्या. गूगलवर सापडलेल्या नंबरवाल्याने ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. कंपनीचा माणूस येईपर्यंत सातबारा हॉटस्पॉटवर निघतो.