बेबीस पत्र

टिटवाळा

चि. सौ. बेबीस,

अंगारकीला तू गणपतीला येऊन गेलीस आणि घरी आली नाहीस, हे मला वहिनीकडून कळावं? स्टेशनच्या पुलावर कठडा धरून दोनदा थांबलीस म्हणे. माझे दोन जिने चढवणार नाहीत म्हणून परस्पर डोंबिवलीला परतलीस ना?

वजन उतरलं म्हणून सगळे तुझं कौतुक करताहेत. मी करणार नाही. रात्रीचं जेवण बंद, वर सोमवार, गुरुवार, चतुर्थी. अशा उपाशीपणात चरबीबरोबर मांसही जातं, काट्याला त्यातलं काही कळत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये फोटो आला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखं, पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपल्याकडची माणसं बारीक दिसली तरी मांसाला कमीच. साठीनंतर ते आणखी झिजतं, आणि ताकद त्याहून भराभर उतरते. मग आहे तेही का घालवतेस?

हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा ऊठ-बस कर. बारा सेकंदांच्या आत झालं तर मी गप्प बसेन. नाही झालं तर डॉक्टरांना दाखव. आई शेवटी मोरीतून उठताना नळ धरायची, आठवतं? वजन तिचंही कमीच होतं. तुझं पुलावरचं थांबणं ऐकलं आणि मला तीच दिसली गं.

शाळेत मी खोखोत पहिल्या तुकडीत असायचे. लग्नानंतर सुनेने धावायचं कुठे? सुटलं ते सुटलंच, त्याची हळहळ अजून जात नाही. तुला तर अडवणारं कोणी नाही.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 1990 साली ते छापून आलं. तू अजून सत्तरीचीही नाहीस. रोज खुर्चीवरून थोडी ऊठ-बस कर, आणि दोन्ही वेळा डाळ, उसळ, दही पोटात जाऊ दे. नुसत्या साबुदाण्याने स्नायू भरत नाहीत.

पुढच्या संकष्टीला मुक्कामालाच ये. मी स्टेशनवर घ्यायला येते. पहिल्या मजल्यावर खुर्ची ठेवायला सांगते, तिथे हवं तेवढं बसू. चंद्रोदयाला मुगाची उसळ आणि मोदक करीन. पण ये.

तुझी,
ताई