जुन्या शेव्हर्ले पिकअपला डिस्क ब्रेक बसवा

१९६७ ते १९७० मधली शेव्हर्ले सी-१० ब्रेक मारताच एका बाजूला ओढते? चला, बाह्या सरसावा! पुढचे ड्रम उतरवून हबसकट डिस्क चढवू. पायऱ्यांचा क्रम तेवढा मोडू नका.

साहित्य: नकल, हब-डिस्क, बेअरिंग, सील, कॅलिपर, पॅड आणि होज असलेला किट, डिस्क-ड्रम जोडीचा मास्टर सिलिंडर, कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह, डॉट-३ ब्रेक ऑइल, उष्णता सोसणारं बेअरिंग ग्रीस, ब्रेक क्लीनर, नव्या कॉटर पिना, टॉर्क पाना. किट ६ बोल्टांचाच मागवा. ५ बोल्टांचा आला तर पुढची-मागची चाकं जुळणार नाहीत.

कृती

१. गाडी काँक्रीटवर उभी करून मागच्या चाकांना ठोकळे लावा. मातीत जॅक खचतो.

२. पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल करा. उचलल्यावर चाकच फिरत बसतं.

३. चासी उचलून दोन्हीकडे स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

४. एका बाजूचं चाक काढा.

५. ग्रीस कॅप, कॉटर पिन आणि नट काढून ड्रम हबसकट ओढा. अडकला तर शूचा ॲडजस्टर सैल करा.

६. आतली धूळ ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका.

७. जुना होज फ्लेअर-नट पान्याने सोडा. साध्या पान्याने नटाचे कोपरे जातात, आणि सांडलेलं ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं.

८. खालच्या आर्मखाली जॅक लावून किंचित वर उचला. तेराव्या पायरीपर्यंत तो हलवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतेल.

९. टाय रॉड एंड आणि दोन्ही बॉल जॉइंटचे नट सैल करा. थोडे आटे मात्र अडकलेलेच ठेवा.

१०. जिथे जॉइंट बसतो त्या नकलच्या कडेवर हातोडा मारून जोड सोडवा. आट्यांवर मारू नका.

११. नट काढून जुनं नकल उतरवा.

१२. किटच्या चित्राप्रमाणे स्टिअरिंग आर्म आणि कॅलिपर ब्रॅकेट नव्या नकलला जोडा.

१३. नवं नकल चढवून किटमध्ये दिलेल्या टॉर्कने नट आवळा. पिनेचं भोक जुळेना तर थोडं आणखी आवळा, सैल करू नका.

१४. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तिच्यावरचं संरक्षक तेल पॅडला लागलं तर पॅड वाया गेलं.

१५. बेअरिंगमध्ये ग्रीस भरा: तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा. रोलरांच्या फटींतून वर ग्रीस डोकावलं की पुढची फट. वरून माखलेलं ग्रीस उपयोगाचं नाही.

१६. आतलं बेअरिंग हबमध्ये ठेवून सील सरळ ठोका. तिरकं बसलं तर ग्रीस डिस्कवर येईल.

१७. हब स्पिंडलवर चढवून बाहेरचं बेअरिंग, वॉशर आणि नट लावा.

१८. हब फिरवत फिरवत नट १२ फूट-पाउंडांवर आवळा.

१९. आता तो सैल करून नुसत्या बोटांनी आवळा.

२०. पिनेचं भोक जुळण्यापुरता नट मागे घ्या, फार तर अर्ध्या पैलूइतका, आणि पिन घाला. हबला ०.००१ ते ०.००८ इंच खेळ हवाच. घट्ट बेअरिंग जळतं.

२१. ग्रीस कॅप ठोकून बसवा.

२२. पॅड घालून कॅलिपर लावा. एअर काढायचं निपल वरच्या बाजूला हवं. खाली आलं तर डावं-उजवं उलटं झालंय.

२३. नव्या तांब्याच्या वॉशरांसह होज जोडा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणत नाही ना, ते बघा.

२४. दुसऱ्या बाजूला हेच सगळं करा.

२५. मास्टर सिलिंडरची एअर टेबलावरच काढून मग तो व्हॉल्व्हसह बसवा.

२६. चाकांची एअर या क्रमाने काढा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. टाकी रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून!

२७. चाकं चढवून हाताने फिरवा. रिम कॅलिपरला घासलं तर ते रिम वापरू नका.

२८. गाडी खाली घेऊन चाकांचे नट समोरासमोर टॉर्कने आवळा.

२९. निघण्याआधी पेडल दाबून बघा. मऊ लागलं तर परत एअर काढा.

३०. मोकळ्या मैदानात ताशी ३० मैलांवरून हलके ब्रेक मारत ५ वर या. मध्ये थंड होऊ देत आठ-दहा वेळा करा, म्हणजे पॅड बसतील.

३१. तिथून थेट अलाइनमेंटला जा. नकल बदललं की चाकांचा कोन हलतोच.

झालं! पेडल कडक, गाडी सरळ. आता बेलाशक सामान भरा.