कुंचल्याचे सामर्थ्य

झाक ल्वी दाव्हीद याचा जन्म ३० ऑगस्ट १७४८ रोजी पॅरिस शहरी झाला. ज्वालामुखीच्या राखेखाली जवळजवळ सतराशे वर्षे गाडले गेलेले पाँपेई हे रोमन नगर खणून काढण्याच्या कामास इटलीत त्याच वर्षी प्रारंभ झाला. अशा उत्खननांमुळे प्राचीन ग्रीस व रोम यांच्या कलेविषयी युरोपात नवे कुतूहल जागे झाले. त्या कुतूहलाला चित्रकलेत समर्थ रूप देण्याचे कार्य पुढे याच बालकाच्या हातून घडावयाचे होते.

दाव्हीद नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील द्वंद्वयुद्धात मारले गेले. त्याचा सांभाळ मामांनी केला. ते वास्तुशिल्पी होते आणि भाच्यानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचे चित्त चित्रांत गुंतलेले असे. तरुणपणी तलवारीच्या खेळात त्याच्या गालास जखम झाली. त्यामुळे त्याचा चेहरा वाकडा झाला व उच्चारही अस्पष्ट झाले. जे त्याला बोलून दाखविता येत नव्हते, ते जणू त्याच्या रेषा बोलू लागल्या.

होतकरू चित्रकारांना रोमला पाठविणारे एक मानाचे पारितोषिक त्या काळी फ्रान्समध्ये दिले जाई. दाव्हीदने १७७१ पासून त्यासाठी लागोपाठ तीन वर्षे प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा त्याच्या पदरी अपयश आले. दुसऱ्या पराभवानंतर तर त्याने खोलीचे दार लावून घेऊन अन्नत्याग केला. हितचिंतकांनी समजूत घातल्यावर तो पुन्हा कामास लागला आणि १७७४ मध्ये, चौथ्या खेपेस, पारितोषिक त्याचे झाले.

रोममध्ये पाच वर्षे राहून त्याने प्राचीन पुतळ्यांची असंख्य रेखाटने केली. फ्रान्समधील सरदारांच्या महालांत तेव्हा नाजूक रंगांची, विलासी चित्रे शोभत असत. दाव्हीदने तो मार्ग सोडला. ठसठशीत रेषा, रेखीव मांडणी आणि गंभीर विषय ही त्याच्या चित्रांची लक्षणे होत. या शैलीस नवअभिजात शैली असे म्हणतात.

‘होरेशी बंधूंची शपथ’ हे त्याचे १७८४ मधील चित्र या शैलीचा आदर्श मानले जाते. रोम व आल्बा या नगरांच्या संघर्षात दोन्ही सैन्यांऐवजी उभय पक्षांकडील तीन-तीन भावांनी लढावे, असे ठरल्याची प्राचीन कथा आहे. चित्राच्या मध्यभागी वृद्ध पित्याने तीन तलवारी उंच धरल्या आहेत. डावीकडे तिघे पुत्र हात पुढे करून शपथ घेत आहेत. उजवीकडे घरातील स्त्रिया शोकाने खचून बसल्या आहेत. कारण शत्रूच्या घराशीही त्यांचे नाते जडलेले आहे. विजय कोणाचाही होवो, त्यांच्या वाट्यास अश्रूच येणार! कर्तव्य आणि माया यांचे हे द्वंद्व पाहून पॅरिसचे प्रेक्षक भारावून गेले.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. दाव्हीद क्रांतिकारकांना मिळाला. राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिले. अनेकांच्या अटकेच्या हुकमांवर सह्याही केल्या. १३ जुलै १७९३ रोजी मारा या जहाल क्रांतिकारक लेखकाचा खून झाला. तो त्वचारोगाने पीडित असल्यामुळे स्नानाच्या टबात बसून लेखन करीत असे आणि तेथेच त्याच्यावर सुरीचा घाव घालण्यात आला. दाव्हीदने आपल्या या मित्राचे चित्र काढले. त्यात रोगाच्या खुणा जवळजवळ नाहीत. आहे ती हुतात्म्याची शांत मुद्रा. ज्याच्या लेखणीने कित्येकांच्या शिरच्छेदाची मागणी केली, तो मारा या चित्रात केवळ करुणेचा विषय झाला.

पुढील वर्षी क्रांतिकारकांचा नेता रोबेस्पिएर याचा शिरच्छेद झाला व दाव्हीदला तुरुंगवास घडला. सुटकेनंतर काही वर्षांनी तो नेपोलियनचा चित्रकार बनला. आल्प्स पर्वत ओलांडणारा नेपोलियन त्याने १८०१ मध्ये रंगविला. घोडा मागील पायांवर उभा राहिला आहे, अंगरखा वाऱ्यावर फडफडत आहे आणि स्वार मात्र निश्चल आहे. वस्तुतः १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनने तो घाट खेचरावर बसून, वाटाड्याच्या सोबतीने ओलांडला होता. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या भव्य चित्रातही दाव्हीदने त्याच्या आईला मानाच्या जागी बसविले; परंतु त्या समारंभास ती माउली उपस्थितच नव्हती.

१८१५ मध्ये नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला आणि जुने राजघराणे पुन्हा सत्तेवर आले. पुढील वर्षी दाव्हीदला देश सोडावा लागला. २९ डिसेंबर १८२५ रोजी ब्रूसेल्स येथे त्याचे निधन झाले. त्याचा देह मायदेशी आणण्यास परवानगी मिळाली नाही. केवळ त्याचे हृदय पॅरिसला नेण्यात आले.

दाव्हीदचा शिष्य ग्रो आणि ग्रोचा शिष्य देलारोश. या देलारोशने १८५० च्या सुमारास तोच घाट पुन्हा रंगविला. त्याच्या चित्रात थकलेला नेपोलियन खेचरावर बसला आहे आणि पुढे वाटाड्या चालत आहे. तरीही नेपोलियन म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो उसळत्या घोड्यावरील वीरच! थोर कलावंताच्या कुंचल्यात असे विलक्षण सामर्थ्य असते. म्हणूनच चित्राच्या सौंदर्याचा मनमुराद आनंद घ्यावा. पण ते कोणासाठी काढले आणि त्यात काय झाकले, हेही जाणत्या रसिकाने विचारावे.

अभ्यास

१. दाव्हीदच्या चिकाटीचे दर्शन कोणत्या प्रसंगातून घडते?
२. ‘होरेशी बंधूंची शपथ’ या चित्रातील दोन्ही बाजूंचे वर्णन आपल्या शब्दांत करा.
३. नेपोलियनच्या दोन चित्रांतील फरक सांगा. तुम्हांला कोणते चित्र अधिक मोलाचे वाटते? का?
४. वाक्यांत उपयोग करा : पदरी अपयश येणे, भारावून जाणे, डोळ्यांपुढे उभे राहणे.