मैत्रिणीसोबत बर्फात जाताना

अगं, शामोनी ते झेरमॅट स्कीवरून जायचं ठरवलंत म्हणे! ऐकून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. आईला मी 'बर्फात फिरायला चाललीय' एवढंच सांगितलंय, तूही तेवढंच सांग.

या वाटेचं, म्हणजे 'ओत रूट'चं, वेळापत्रक सहा-सात दिवसांचं असतं. पण मुक्कामांची यादी पाठ करण्याआधी मैत्रिणीशी एकदा नीट बोल. मैत्रीण आहे, तेच खरं अवघड असतं. तिचा हिरमोड होईल म्हणून तू गप्प, तुझा होईल म्हणून ती गप्प, आणि दोघी चुकीच्या उतारावर. त्यात आपण सह्याद्रीत वाढलेल्या. 'एवढं आलोय तर टोक गाठूच' हे अंगात मुरलेलं. तेव्हा घरी चहा पिताना ठरवून टाका: एकीने 'परत' म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, रात्री टोमणा मारायचा नाही.

२०१८च्या एप्रिलअखेरीस याच वाटेवर, पिन्य दारोलाजवळ, चौदा जण वादळात अडकले. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि सात जण गेले. मुक्कामाची विन्येत हट तिथून काहीशे मीटरवर होती. घाबरवत नाहीये गं. बिघडणाऱ्या हवेत निघायचंच नाही, एवढंच म्हणतेय. संध्याकाळी पाचला दावोसच्या हिमसंशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक येतं, ते दोघींनी एकत्र वाचा. तीस अंशांहून उभा उतार असेल तर एकेकीने जायचं, दुसरीने नजर ठेवायची. बीकन, प्रोब आणि फावडं प्रत्येकीकडे स्वतःचं हवं. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी आशा असते, हेलिकॉप्टर तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणजे तुला शोधणारी तीच, तिला शोधणारी तूच. आधी सराव करा, घड्याळ लावून. हिमनदीतल्या भेगेतून एकीने दुसरीला ओढून काढणं मात्र फार कठीण, म्हणून गाइड घ्याच. पैशांचं मी बघते. आणि हो, वाटेतल्या व्हॅले प्रांतात बचावासाठी १४४ फिरवायचा. बाकी स्वित्झर्लंडचा १४१४ तिथे वापरत नाहीत.

वालसोरे हटच्या वरचा चढ इतका उभा आहे, की स्की पाठीला बांधून बुटांना क्रॅम्पॉनचे काटे लावून चढावं लागतं. बरेच जण तो टाळून व्हर्बियेमार्गे जातात. तुम्हीही गेलात तर त्यात कमीपणा काही नाही.

आता जे गाइड सांगणार नाही ते. शू लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नकोस! आपण बायका हे हमखास करतो, आणि त्या उंचीवर त्यानेही डोकं दुखतं. हार्नेस असा घे की मांड्यांच्या पट्ट्या मागून सोडता येतील आणि कमरेचा पट्टा तसाच राहील. घरी दोनदा करून बघ. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान जास्तीचं ठेव. वापरलेलं पिशवीत बांधून खालीच आणायचं. हटमध्ये बर्फ वितळवून पाणी करतात, त्यामुळे आंघोळ विसरा. पिण्याचं पाणी विकत मिळतं, आणि ते महाग असतं.

थांबलात की चढासाठी स्कीच्या तळाला चिकटवायच्या स्किन्स जॅकेटच्या आत, पोटाशी ठेव. गार पडल्या की गोंद धरत नाही आणि पुढच्या चढाला रडायची वेळ येते. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. ज्या दिवशी ती उगाच फणकारेल, त्या दिवशी आधी तिला खायला दे, मग भांडा.

पहाटे निघायचं म्हणजे पहाटेच. दुपारी ऊन लागून बर्फ ओला होतो आणि उतार सुटतात. विन्येतहून झेरमॅटचा शेवटचा दिवस तर तीन खिंडींचा आहे, तिथे उशीर परवडत नाही. सनक्रीम नाकाच्या खालूनही लाव, बर्फावरून ऊन वर येतं.

शाकाहारी आहेस हे बुकिंग करतानाच कळव, नाहीतर ऐन वेळी चीज-पावावर भागवावं लागेल. स्लीपिंग लायनर आणि कानात घालायचे बोळे मी पाठवते. लसणाची चटणीही देते, पण डबा घट्ट लाव. हटच्या एकेका खोलीत वीस माणसं झोपतात.