अंतराळाचं काम आणि वाट पाहण्याचा हिशेब

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. भांडुपचे, मुलुंडचे, कांदिवलीचे गाळेवाले विचारतात, कधी त्यांची नुकती इंजिनिअर झालेली मुलं-मुली विचारतात: "ताई, आपल्यालाही अंतराळाचं काम मिळेल का?" आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटतर्फे मी उद्योग विभागाच्या बैठकांना जाते. तिथले अधिकारी हेच दुसऱ्या टोकाने विचारतात: राज्याने या क्षेत्रासाठी काय करावं? दोघांनाही मी एकच सांगते. काम मिळेल, आणि ते आपल्या हातांना जमेलही. पण या कामात छोटा कारखाना मोडतो तो वाट पाहून. जे राज्य सरकार ही वाट कमी करेल, त्याच्याकडे हा उद्योग राहील.

मरोळच्या एमआयडीसीत माझं अचूक यंत्रकामाचं वर्कशॉप आहे. वडिलांनी ते एका लेथवर सुरू केलं. गोळ्या बनवणाऱ्या औषध कंपन्यांचे डाय आणि पंच ही आमची रोजची भाकरी. सीएनसी मशीन आली, मोजमापं मायक्रॉनमध्ये होऊ लागली, आणि एक दिवस अंतराळाचं ड्रॉइंग टेबलावर आलं.

आपल्या उपनगरांना हे काम नवं नाही, हे तरुणांना आवर्जून सांगावंसं वाटतं. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात 'विकास' इंजिनं बनतात. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा याच इंजिनावर चालतो, आणि चांद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3 रॉकेटवरून गेलं त्याच्या द्रव इंधनाच्या गाभ्यात अशी दोन इंजिनं होती. पवईत लार्सन अँड टुब्रोने रॉकेटच्या मोटरांची आवरणं बनवली, तिकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरनेही. पवईच्याच आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'प्रथम' उपग्रह 26 सप्टेंबर 2016 ला श्रीहरिकोट्याहून कक्षेत गेला. त्याच आवारातल्या 'साइन' या नवउद्योग केंद्रातून 'मनस्तु स्पेस'सारखी कंपनी निघाली, जी उपग्रहांसाठी कमी विषारी इंधनावर चालणारी इंजिनं विकसित करते. आणि या सगळ्यांच्या मागे शेकडो गाळे. ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र, विक्रोळी, पवई यांची जॉबवर्क करता करता साकीनाका ते मुलुंड या पट्ट्यातले दोन-तीन पिढ्यांचे हात तयार झाले.

महाराष्ट्रातून रॉकेट उडणार नाही, आणि त्याची हळहळही करू नये. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिचा वेग फुकट मिळवायचा तर बहुतेक रॉकेटं पूर्वेकडे सोडावी लागतात आणि खाली मोकळा समुद्र लागतो. म्हणून श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर आहे. आपल्या वाट्याला येतात ते सुटे भाग, इंजिनं, उपग्रहातली उपकरणं, आणि उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीचा वापर. हा वाटा लहान नाही.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगते. काम देणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही गाळ्यात घडू शकतं.

ड्रॉइंग एका झडपेच्या ॲल्युमिनियमच्या आवरणाचं होतं. त्यातलं यंत्रकाम अवघड होतं, पण आमच्या आवाक्यातलं. नवी होती ती कागदपत्रं. धातूच्या तुकड्याचा हीट नंबर कापलेल्या प्रत्येक भागावर आला पाहिजे, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत पाहिजे. कोणत्या मशीनवर, कुणी, कोणत्या टूलने काम केलं आणि मोजणारं यंत्र शेवटचं कधी कॅलिब्रेट झालं, याची नोंद पाहिजे. हे सगळं योग्यच आहे; वर गेलेला भाग खाली आणून दुरुस्त करता येत नाही. ही शिस्त अंगवळणी पडल्यावर आमचं औषध कंपन्यांचं कामही सुधारलं.

भाग मशीनवरून लवकर उतरले. त्यानंतर ते अनोडायझिंगला जायचे होते. अंधेरीत अनोडायझिंग करणारे पुष्कळ आहेत, पण ग्राहकाच्या मान्यताप्राप्त यादीतला होता बंगळुरूचा. तिथे आमची चिमुकली बॅच मोठ्या कामांच्या मागे पडून राहिली. मग गळती चाचणी. मग कंपन चाचणी, ज्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या यंत्रावर तारीख मिळायची होती. मग तपासनीसाची तारीख. एवढं होईपर्यंत मूळ उड्डाणच पुढे गेलं आणि भाग ताब्यात घ्यायची कुणालाच घाई उरली नाही. भाग स्वीकारल्याचा शेरा पडेपर्यंत बिलाचे दिवस मोजायचे नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलं. या कामासाठी घेतलेल्या फाइव्ह-ॲक्सिस मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जात होता.

पैसे शेवटी आले. पुढची ऑर्डर त्या वर्षी आली नाही. मधल्या काळात आमचा सगळ्यात कसबी सेटर गुडघ्याचे आणि खुब्याचे कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कारखान्यात गेला. तिथे मशीन रोज चालते आणि ओव्हरटाइम मिळतो. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते. मशीनचं कर्ज फिटेल. पण तो माणूस घडायला एक पिढी लागली होती, आणि त्याचं जाणं कुठल्याच सरकारी तक्त्यात दिसणार नाही. माझ्या मते राज्याचं खरं नुकसान इथे होतं.

धोरणांचं म्हणाल तर ती आली आहेत. तेलंगणाने 2022 मध्ये अंतराळ तंत्रज्ञानाचा आराखडा आणला, गुजरात आणि तमिळनाडूने 2025 मध्ये स्वतंत्र धोरणं आणली. आपल्याकडे 2018 मध्ये विमान व संरक्षण उत्पादनाचं धोरण आलं. केंद्राने 2020 मध्ये खासगी कंपन्यांना अंतराळ क्षेत्रात परवानगी आणि साहाय्य देणाऱ्या 'इन-स्पेस' या संस्थेची घोषणा केली, 2023 मध्ये अंतराळ धोरण जाहीर केलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये नवउद्योगांसाठी 1000 कोटींच्या निधीला मंजुरी दिली. राज्यांच्या धोरणांत सहसा भर असतो तो जमीन, भांडवली अनुदान आणि मुद्रांक शुल्काच्या माफीवर. मोठा कारखाना खेचून आणायला हे ठीक. मरोळच्या गाळ्याला यातलं फार थोडं लागू पडतं.

आपली सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालत आली आहे. ती तालुक्याचं मागासलेपण पाहून सवलत देते: मराठवाडा, विदर्भाला जास्त, मुंबई-पुण्याच्या विकसित पट्ट्याला सगळ्यात कमी. त्यामागचा न्याय मला मान्य आहे. पण अंतराळाच्या कामाचं कसब नेमकं या सर्वात कमी सवलतीच्या पट्ट्यात बसलं आहे, आणि ते उचलून दुसऱ्या जिल्ह्यात लावता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की या उद्योगापुरती सवलत जागेवर न देता प्रक्रियेवर द्यावी. चाचणीचा खर्च, प्रमाणपत्राचा खर्च, तपासनीसाच्या फेऱ्यांचा खर्च राज्याने उचलावा, कारखाना कुठल्याही तालुक्यात असो.

सगळ्यात आधी चाचणी. कंपनाचं टेबल, निर्वातात तापवून-गोठवून पाहणारा कक्ष, गळती शोधणारी यंत्रणा, विना-विध्वंस तपासणी, धूळमुक्त खोली: एवढं एका छताखाली, भाड्याने, छोट्या बॅचसाठी मिळालं असतं तर माझी निम्मी वाट संपली असती. हैदराबादमध्ये तेलंगणा सरकारने 2023 मध्ये 'टी-वर्क्स' उघडलं; तिथे कुणीही कल्पना घेऊन जातो आणि तयार यंत्रांवर नमुना बनवतो. अहमदाबादजवळ बोपलला 'इन-स्पेस'चं तांत्रिक केंद्र आहे. मुंबईतही पाया तयार आहे. सीप्झसमोर केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणीची ईआरटीएल प्रयोगशाळा आहे, पवईच्या आयआयटीच्या आवारात केंद्राचीच 'समीर' ही संशोधन संस्था आहे. राज्याने या संस्थांबरोबर करार करून, एमआयडीसीचा एखादा भूखंड देऊन, असं सामाईक केंद्र उभारावं. मात्र एक अट पहिल्या दिवसापासून घालावी: त्या केंद्राची कागदपत्रं इस्रो आणि मोठे खरेदीदार मान्य करतील, अशी त्यांच्याकडून लेखी हमी घेऊनच यंत्रं खरेदी करावीत. मान्यता नसलेल्या चाचणीचा कागद आम्हाला कुठेच चालत नाही. अनोडायझिंग आणि हीट ट्रीटमेंट करणाऱ्या स्थानिक कारखान्यांना त्या मान्यताप्राप्त यादीत नेण्यासाठी राज्याने एक जाणकार माणूस कायमचा नेमला, तरी पुष्कळ होईल. हे काम अनुदानापेक्षा स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग औषध, रेल्वे, संरक्षण सगळ्यांनाच होईल.

मग थकलेलं बिल. इथे राज्याच्या हातात कायद्याने दिलेलं साधन आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं झालं पाहिजे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आणि माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. आम्हाला शेऱ्याची वाट पाहायला सांगितलं गेलं, तेव्हा हे कलम कुणीतरी पुढे ठेवायला हवं होतं. तक्रार ऐकणारी फॅसिलिटेशन कौन्सिल राज्य सरकारच नेमतं. पण गाळेवाला तिकडे जायला कचरतो, कारण तक्रार केली की ग्राहक जातो. म्हणून राज्याने तक्रारीची वाट न पाहता बिल वठवण्याची सोय करावी: मान्य ऑर्डरवर बँकेला राज्याची हमी, भाग चाचणीला गेला की ठरावीक हिस्सा हातात. अंतराळाच्या कामात उड्डाण लांबणं नेहमीचं आहे. त्याचा भार साखळीतल्या सगळ्यात अशक्त कडीवर पडू नये, एवढंच मागणं.

तिसरी वाट पुढच्या ऑर्डरची. इथे सरकारने स्वतः ग्राहक व्हावं. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र 1988 पासून उपग्रहांची माहिती वापरतं आहे. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर मुंबई उपनगरातल्या कांदळवनांचे नकाशे उपग्रहचित्रांवरूनच झाले. पिकांचं नुकसान, धरणांतलं पाणी, दरडी, खाडीतला भराव: राज्याला ही माहिती दरवर्षी लागणारच आहे. तिची मागणी पाच वर्षांसाठी आधी जाहीर केली आणि निविदेत तीन वर्षांच्या उलाढालीची अट नव्या कंपन्यांसाठी काढली, तर पवईतला एखादा तरुण गट बँकेत ताठ मानेने जाईल. 2018 पासूनच्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. कल्पना उत्तम आहे. अंतराळासाठी रक्कम आणि मुदत दोन्ही मोठी करायला हवी.

जागेबद्दल थोडक्यात. लाल बहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहताना आपण पाहिले. औद्योगिक इस्टेटीच्या पुनर्विकासात काही मजले तरी अचूक यंत्रकामासाठी, जड मशीन पेलणाऱ्या जमिनीसह, राखून ठेवावेत. आमची मशीन विसाव्या मजल्यावर चालत नाही.

आणि गाळेवाल्यांनो, तुमच्यासाठी. हे काम जरूर घ्या, पण पहिली काही वर्षं घर चालवणारं काम दुसरं ठेवा. कोटेशन देताना चाचणीचा, वाहतुकीचा आणि वाट पाहण्याच्या काळातल्या व्याजाचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. ती नोंदणी ऑर्डर घेण्याआधी झालेली असू द्या, नंतर केलेली त्या बिलाला उपयोगी पडत नाही. माल पोहोचल्याची पोच तारखेसह घ्या. विशेष प्रक्रिया कोण करणार आणि त्याला उशीर झाला तर मुदत वाढेल का, हे ऑर्डर स्वीकारण्याआधी लेखी विचारा. आणि एक तक्ता ठेवा: ड्रॉइंग आलं ती तारीख, भाग मशीनवरून उतरला ती, चाचणीला गेला ती, परत आला ती, स्वीकारला ती, पैसे आले ती. पुढच्या बैठकीला मी असे तक्ते गोळा करून नेणार आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ग्राहकाचं नाव झाकून इस्टेटच्या ऑफिसात आणून द्या.