शब्दविचार : तारतम्य



'त्याला काही तारतम्य आहे की नाही?' हे वाक्य आपण नेहमी बोलतो. पण या शब्दाचा अर्थ कधी तपासून पाहिला आहे काय?

'तर' आणि 'तम' हे दोन प्रत्यय आहेत. लघु, लघुतर, लघुतम. यांत पायऱ्या आहेत. त्या ओळखणे म्हणजे तारतम्य. त्यामुळे शब्दाचे दोन अर्थ झाले. एक, उच्चनीच क्रम. दुसरा, अधिक गरजेचे काय आणि कमी गरजेचे काय, हे प्रसंग पाहून ठरविण्याची समज. बोलण्यात आपण दुसरा अर्थ घेतो. परंतु या देशात पहिला अर्थ माणसांना लावला गेला आणि पाणवठेही वेगळे झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते ही पायरी मोडण्यासाठीच.

मग हा शब्द टाकून द्यावयाचा काय? नाही. त्याचा योग्य उपयोग शिकावयाचा. अंगुत्तर निकायातील धम्मञ्ञू सुत्तात भिक्खूचे सात गुण सांगितले आहेत. त्यांपैकी 'मत्तञ्ञू' म्हणजे किती घ्यावे याची मात्रा जाणणारा, 'कालञ्ञू' म्हणजे कोणत्या वेळी काय करावे हे जाणणारा आणि 'परिसञ्ञू' म्हणजे कोणत्या सभेत कसे वागावे हे जाणणारा. हेच खरे तारतम्य होय.

याचा पुरावा जुन्नरच्या लेण्यांत कोरलेला आहे. हा डोंगरी मुलूख पावसाळ्यात चिंब आणि उन्हाळ्यात कोरडा. दात्यांनी संघाची ही गरज ओळखली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दिली. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडीच्या डोंगरात पोढी व मंडप दिला. एक परका, एक व्यापाऱ्यांचा संघ, एक राजाचा अमात्य. परंतु तिघांच्या दानाला शब्द एकच : 'देयधम'.

आता आपल्या वस्तीकडे या. जुन्नर-आंबेगावातील एखाद्या वाडीत विहारासाठी वर्गणी जमली, असे समजा. आधी कमान उभारावयाची, की पाण्याची टाकी आणि मुलामुलींसाठी अभ्यासिका? कमान वाईट नाही. पण पाणी आधी आणि कमान नंतर, हे ठरविणे म्हणजे तारतम्य. मात्र त्याच बैठकीत 'ज्याची वर्गणी थोडी त्याने गप्प बसावे' असे कोणी म्हणाला, तर जुनी उतरंड विहारात शिरली असे समजा. मोलमजुरी करणाऱ्या भगिनीचे दहा रुपये आणि नोकरदाराचे हजार रुपये, दोन्ही देयधमच.

गरजांच्या पायऱ्या लावा; माणसांच्या लावू नका.

अभ्यासासाठी प्रश्न : आपल्या वस्तीच्या मागील बैठकीत तारतम्य कशात केले गेले, गरजांत की माणसांत?