गहुंजेची पहिली मॅच आणि तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक

व्हिडिओत मी फळ्यावर एक लांब रेघ मारली होती, नगरपासून गहुंजेपर्यंत. तीच रेघ आज जरा सावकाश चालून बघू. वही-पेन जवळ ठेवा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यानं क्रिकेटला झहीर खान दिला, तो श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. पण आंतरराष्ट्रीय मॅच डोळ्यांनी बघायची म्हटली की आपल्याला जिल्ह्याबाहेरच जावं लागतं. वाडिया पार्कवर आपल्या मॅचेस होतात, भारताची होत नाही. सगळ्यात जवळचं मैदान म्हणजे मावळातलं गहुंजे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं हे स्टेडियम २०१२ साली सुरू झालं. त्याच वर्षी २० डिसेंबरला तिथं पहिली आंतरराष्ट्रीय मॅच झाली, भारत विरुद्ध इंग्लंड, टी-ट्वेंटी.

त्याआधी पुण्यातल्या मॅचेस नेहरू स्टेडियमवर व्हायच्या. १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं ते तिथंच. ते मैदान स्वारगेटजवळ, भर शहरात. एसटीनं यायचं, चालत जायचं, बाहेर वडापाव खायचा, मॅच बघायची, परत एसटी. गहुंजे आहे एक्सप्रेस-वेच्या कडेला, शहराच्या पार पलीकडे. मैदान तिकडे गेलं आणि प्रेक्षकाचा अख्खा दिवस बदलला. गाडी कुठं लावायची, जेवायचं कुठं, रात्री परत कसं यायचं, असे प्रश्न नव्यानं उभे राहिले. धंदेवाल्या माणसाचे कान इथं टवकारले पाहिजेत.

आता समजा, पारनेर तालुक्यातल्या सुप्याचा एक पोरगा आयुष्यात पहिल्यांदा गहुंज्याला निघालाय. १९ ऑक्टोबर २०२३, वर्ल्ड कप, भारत-बांगलादेश, दुपारी दोनची मॅच.

त्याची पहिली अडचण घरातच सुरू होते. त्या वर्ल्ड कपला मोबाईलवरचं तिकीट गेटवर चालणार नव्हतं, छापील तिकीट हातात लागत होतं. ज्याला हे माहीत होतं त्याला काही विशेष वाटलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मात्र ते तिकीट हातात पडेपर्यंत चैन नाही. मग रस्ता. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर इथपर्यंत सरळ. शिक्रापूरला ठरवायचं की वाघोलीवरून पुण्याच्या गर्दीत घुसायचं, की चाकण-तळेगावकडून वळसा घ्यायचा. नेहमी जाणारा ड्रायव्हर विचारही न करता स्टिअरिंग वळवतो. आपला पोरगा तिथं गाडी बाजूला घेऊन तिघांना फोन करतो.

मैदानाजवळ पोचल्यावर पार्किंग. तिथून चालायचं. गेट नक्की कुठलं? स्टँड कुठला? गेटवर पाण्याची बाटली काढून ठेवा, बॅग नको, खाण्याचा डबा नको. आईनं दिलेल्या धपाट्यांचं काय करायचं? आत गेल्यावर ऊन. स्टेडियमच्या बऱ्याच भागावर छप्पर नाही, आणि पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसलात तर दुपारनंतरचा सूर्य थेट तोंडावर. जाणकार टोपी घालून आलेला असतो. आणि घरच्या बायकांना, लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर टॉयलेट कुठं, हा प्रश्न स्कोअरच्या आधी येतो.

मॅच मात्र वसूल झाली. बांगलादेशच्या २५६ धावा भारतानं ४१.३ ओव्हरमध्ये पार केल्या, कोहलीनं सिक्स मारून मॅचही संपवली आणि स्वतःचं शतकही पूर्ण केलं. पोरगा घसा बसेपर्यंत ओरडला.

पण बाहेर आल्यावर रात्र झालेली. हजारो माणसं एकदम बाहेर पडलेली, मोबाईलला रेंज धड नाही, आणि गाडी नक्की कुठल्या शेतात लावलीय ते आठवत नाही. दिवसा दिसलेलं लिंबाचं झाड अंधारात सापडत नाही. आपण वारकऱ्यांच्या मुलखातली माणसं, दिंडीत पताका कशासाठी असते हे आपल्याला सांगायला नको. पार्किंगमध्ये एका गाडीवर बांबूला मोठी पताका आणि तिच्यावर एक बल्ब एवढं जरी कुणी लावलं असतं तरी त्या गाडीतल्या पंधरा जणांची अर्ध्या तासाची वणवण वाचली असती.

इथं थांबा आणि वहीत बघा. या पोराला किती ठिकाणी थांबावं लागलं? किती ठिकाणी कुणाला तरी विचारावं लागलं? प्रत्येक जागी एक तर कुणाचा तरी धंदा आहे, नाहीतर कुणाचं तरी गिऱ्हाईक तुटतंय.

गिऱ्हाईक तुटतं कसं, त्याचं उदाहरण याच मैदानावरचं आहे. २४ ऑक्टोबर २०२४, भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. प्रेक्षकांना प्यायचं पाणी कमी पडलं, लोक भडकले, आणि असोसिएशनला माफी मागावी लागली. मैदान मोठं, खेळाडू जगातले मोठे, आणि लोकांच्या तोंडी विषय पाण्याचा! त्या कसोटीत सँटनरनं १३ विकेट घेतल्या आणि भारत तब्बल १२ वर्षांनी घरच्या मैदानावर मालिका हरला, ते वेगळंच दुखणं.

बॅचमध्ये नेहमी विचारतात, "सर, मग नगरहून गहुंज्याला ट्रिप काढायची का?" काढा, पण आधी हिशेब मांडा. आकडे मी धरून चाललोय, तुमच्या गावचे भाव विचारून बदला. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, २८ रुपयांनी ८,४०० रुपये. ड्रायव्हर भत्ता ५००, टोल-पार्किंग ८००. झाले ९,७००. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं पिठलं-भाकरी माणशी १५०, टोपी-पाणी ५०, म्हणजे माणशी २००. तुमचे स्वतःचे २०० धरा. म्हणजे गाडी हलली की ९,९०० गेले, माणसं कितीही असोत. माणशी ११०० घेतले तर प्रत्येकामागे ९०० हातात राहतात. ९,९०० भागिले ९००, अकरा. अकरावा माणूस बसेपर्यंत तुम्ही फुकट ड्रायव्हरशेजारी बसलेले आहात. पंधरा आले तर ३,६०० सुटले. आदल्या रात्री तिघं म्हणाले "नाही जमत", तर उरले फक्त ९००. म्हणून पैसे आगाऊ, आणि रद्द केल्यास किती परत देणार, पावसानं मॅच गेली तर काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. तोंडी नको. परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधीही येतो.

गाडी भाड्यानं घ्यायची तर पिवळ्या नंबरप्लेटची, परमिटवाली. मेव्हण्याच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. तिकिटं गठ्ठ्यानं घेऊन चढ्या भावानं विकायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका. त्यात पोलीस केस आहे, आणि ते मी धंद्यात धरतच नाही. ज्याचं तिकीट त्यानं काढावं, तुम्ही नेण्या-आणण्याचे पैसे घ्या.

आणखी एक. गहुंज्याला वर्षातून मॅचेस मोजक्याच. २०२३ च्या वर्ल्ड कपच्या पाच झाल्या, पण तो योग रोजचा नाही. ज्याची गाडी एरवी शिर्डी-शनिशिंगणापूर करते त्याला हा वरकड धंदा म्हणून उत्तम. मॅचच्या भरवशावर गाडीसाठी कर्ज काढू नका. हप्ता दर महिन्याला येतो, मॅच येत नाही.

आता मैदान सोडा, आपल्या दुकानात या. राहुरीत कुणाचं ब्यूटी पार्लर आहे, नेवाशात कुणाचं कृषी केंद्र, कुणी सुप्याच्या एमआयडीसीबाहेर मिसळ विकतं. तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला माहीत असतं की चप्पल बाहेर काढायची, पैसे आधी द्यायचे, तर्री मागितली की मिळते, ताईला फोन करून यायचं. नव्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. तो दारात क्षणभर उभा राहतो, आत कुणी बघतंय का ते बघतो, भाव विचारायला लाजतो आणि पुढच्या दुकानात जातो. तुम्हाला तो दिसतसुद्धा नाही, कारण तुम्ही गल्ल्यावर ओळखीच्या माणसाशी बोलत असता. पार्लरच्या बाहेर भावाचा बोर्ड लावला तर "गिऱ्हाईक घासाघीस करतं" असं बऱ्याच जणी म्हणतात. माझं मत उलट आहे. घासाघीस करणारी निदान आत आलेली असते.

या आठवड्याचा अभ्यास असा. तुमच्या दुकानात कधीच न आलेला माणूस शोधा. लांबच्या आळीतली मावशी चालेल, कॉलेजचा पोरगा चालेल. त्याला शंभर रुपये द्या आणि सांगा, "जा, काहीतरी घेऊन ये." तुम्ही लांब, त्याला दिसणार नाही असे उभे राहा. तो कुठं थांबला, कुठं वळून बघितलं, काय विचारलं, किती वेळानं कुणी बोललं, सगळं घड्याळ लावून लिहा. मध्येच "अहो, इकडून या" म्हणून धावायचं नाही. तो काहीच न घेता बाहेर पडला तर तेही वेळेसकट वहीत येऊ द्या, आणि वहीच्या पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका.